वास्तू तीच, राज्य वेगळे

१९३१ या एकाच वर्षी, आजच्या भारताच्या भूमीवर तीन वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी टपाल तिकिटांवर इमारती छापल्या. इंग्रज सरकारने नवी दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त सहा तिकिटे काढली. हैदराबादच्या निजामाने चारमिनारपासून अजिंठ्यापर्यंतच्या आपल्या राज्यातल्या वास्तू तिकिटांवर आणल्या. गोव्यात पोर्तुगीज सरकारने संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनानिमित्त तिकिटे काढली आणि त्यांत जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चला जागा दिली. दिल्लीच्या तिकिटाची किंमत कलदार आण्यांत, निजामाची हाली सिक्क्याच्या आण्यांत, गोव्याची रेइस आणि टांगांत. ही तिन्ही तिकिटे अल्बमच्या एका पानावर लावली की त्या काळचा नकाशा वेगळा काढून दाखवावा लागत नाही.

जुन्या वास्तूंची तिकिटे जमवणाऱ्याला माझे पहिले सांगणे हेच असते. तिकिटावरची इमारत जरूर पाहा, पण ती कोणी छापली आणि कोणत्या साली छापली हे आधी पाहा. अमुक वास्तू माझी आहे, माझ्या राज्याची ओळख आहे, असा दावा प्रत्येक तिकीट करत असते. राज्य बदलले की वास्तू तीच राहते आणि दावेदार बदलतो. हा बदल हातात धरून पाहता येतो, तो या छंदात.

आपल्याकडे वास्तू तिकिटावर यायला बराच उशीर झाला. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात ‘सिंध डाक’ हे आशियातले पहिले टपाल तिकीट निघाले. त्यावर ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह होते. १८५४ पासून राणी व्हिक्टोरियाचा चेहरा आला, मग सातव्या एडवर्डचा, मग पाचव्या जॉर्जचा. जवळजवळ पाऊणशे वर्षे भारतातल्या तिकिटावर राजघराण्याच्या चेहऱ्याशिवाय सांगण्यासारखे काही नव्हते. १९२९ मध्ये हवाई टपालाच्या तिकिटांवर विमान दिसू लागले, तेही राजाच्या सोबतीने. तोवर तिकिटे छापण्याचे काम मात्र लंडनहून नाशिकला आले होते. आधी डी ला रू ही कंपनी ती लंडनमध्ये छापत असे. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि पुढच्याच वर्षापासून तिथली तिकिटे टपालात दिसू लागली. या लेखातल्या इंग्रज सरकारच्या आणि स्वतंत्र भारताच्या सगळ्या वास्तू नाशिकरोडच्या यंत्रांतून बाहेर पडल्या आहेत.

९ फेब्रुवारी १९३१ ची नवी दिल्लीची माला ही या प्रेसची वास्तूंची पहिली माला. आराखडे एच. डब्ल्यू. बार यांचे. पाव आण्यावर पुराना किला, अर्ध्या आण्यावर युद्धस्मारकाची कमान म्हणजे आजचे इंडिया गेट, एक आण्यावर कौन्सिल हाऊस म्हणजे पुढचे संसद भवन, दोन आण्यांवर व्हाइसरॉयचा वाडा म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन, तीन आण्यांवर सचिवालय आणि एक रुपयावर सचिवालयासमोरचे डोमिनियन स्तंभ. प्रत्येक तिकिटावर पाचवा जॉर्ज आहेच. सहांपैकी खरोखर जुनी वास्तू एकच, आणि तिला सगळ्यांत कमी किमतीच्या तिकिटावर बसवले आहे. बाकीच्या पाच इमारतींचा चुना अजून ओला म्हणावा इतक्या त्या नव्या होत्या. इंडिया गेटचे तिकीट ९ तारखेला विक्रीला आले आणि कमानीचे उद्घाटन झाले १२ तारखेला. म्हणजे लोकांनी तिकीट आधी पाहिले, कमान नंतर खुली झाली.

या मालेतले पुराना किल्ल्याचे पाव आण्याचे तिकीट भिंगाखाली धरण्याजोगे आहे. त्यावर इमारतीचे नाव इंग्रजी अक्षरांत छापले आहे आणि काही मोजक्या प्रतींवर ‘पुराना’ या शब्दाचे पहिले अक्षर पी न दिसता एफ दिसते. पीचे पोट बंदच झालेले नाही. ही माला लिथो पद्धतीची आहे. तिच्यात मूळ चित्र पुन्हा पुन्हा उतरवून पूर्ण पानाचा ठसा तयार करतात, आणि उतरवताना एका जागी रेघ निसटली की त्या जागेवरचे प्रत्येक तिकीट तसेच सदोष छापले जाते. तज्ज्ञांच्या सूचीत या दोषाला वेगळी नोंद आहे. दहा पुराना किले चाळले तर कदाचित एकही सापडणार नाही, तरी चाळायचे सोडू नये. जुन्या तिकिटांच्या पाकिटात तो दोष विकणाऱ्यालाही न कळता पडून राहू शकतो.

याच तिकिटांची मागची बाजूही बोलते. कागदात ताऱ्यांचे जलचिन्ह आहे. काळ्या रंगाच्या उथळ ताटलीत तिकीट पालथे ठेवून त्यावर बेन्झिनचे दोन थेंब टाकले की तारे क्षणभर गडद दिसतात आणि बेन्झिन उडाले की नाहीसे होतात. (हे काम उघड्या खिडकीपाशी आणि विस्तवापासून लांब करायचे.) नवी दिल्लीच्या मालेत हे तारे आडवे पडले आहेत. काही तिकिटांत ते डावीकडे रोखलेले असतात, काहींत उजवीकडे, कारण कागदाचा ताव यंत्रात दोन्ही बाजूंनी घातला गेला. समोरून तंतोतंत सारखी दिसणारी दोन तिकिटे अशी मागून वेगळी निघतात.

आता निजामाकडे वळू. मराठी संग्राहकाने हैदराबाद संस्थानची तिकिटे परकी मानू नयेत. १८७१ च्या तिकिटांवर किंमत उर्दू, तेलुगू आणि इंग्रजीबरोबर मराठीतही छापलेली आहे, कारण मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि टपालाला मराठी वाचणारी प्रजा ओळखावीच लागत होती. १९३१ च्या मालेत एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर उच्च न्यायालय, चार आण्यांवर उस्मानसागर जलाशय, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा विजयस्तंभ, म्हणजे आपला चांदमिनार. सहा वास्तूंपैकी दोन आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या. बीदरचा मदरसा महमूद गवानने १४७२ च्या सुमारास बांधला, दौलताबादचा मिनार त्याच्याही आधीचा, बहमनी काळातलाच. निजामाने आपल्या आधीच्या दख्खनी सुलतानांचा वारसा आपल्या नावावर मांडला आणि त्याच मालेत बौद्ध लेणीही घेतली. दिल्लीची माला नव्या राजधानीच्या कौतुकात रमली होती, तेव्हा हैदराबादची माला दख्खनच्या इतिहासात किती खोल गेली होती, हे पाहून मन भरून येते.

छपाईतही हैदराबाद वरचढ आहे. ही माला खोदीव ठशांची आहे. धातूच्या पत्र्यात कोरलेल्या रेघांत शाई भरतात आणि दाबाखाली ती कागदावर उचलली जाते. तिकीट दिव्याखाली तिरके धरले तर शाईच्या रेघा कागदावर किंचित उभ्या दिसतात. दिल्लीच्या लिथो तिकिटावर शाई सपाट बसलेली असते. दोन्ही शेजारी ठेवून एकदा पाहिले की हा फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

६ मे १९३५ रोजी पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव आला आणि इंग्रज सरकारला अखेर जुन्या भारताकडे पाहावेसे वाटले. अर्ध्या आण्यावर मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया, नऊ पैंवर कलकत्त्याचे व्हिक्टोरिया मेमोरियल, एक आण्यावर रामेश्वरमचे मंदिर, सव्वा आण्यावर कलकत्त्याचे जैन मंदिर, अडीच आण्यांवर ताजमहाल, साडेतीन आण्यांवर अमृतसरचे सुवर्णमंदिर आणि आठ आण्यांवर मंडालेचा पगोडा. नवशिका संग्राहक मंडालेपाशी हमखास अडखळतो. उत्तर सरळ आहे: १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. हे तिकीट निघाल्यावर दोन वर्षांच्या आत तो पगोडा भारताच्या टपालाबाहेर गेला. लोकमान्य टिळकांनी सहा वर्षांचा कारावास ज्या मंडालेत काढला तेच हे शहर.

गेटवेच्या तिकिटात गंमत वेगळी आहे. १९११ च्या डिसेंबरमध्ये पाचवा जॉर्ज अपोलो बंदरावर उतरला, त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ ही कमान बांधली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चे. राजा आला तेव्हा तिथे दगडी कमान नव्हतीच. तिकिटावर मात्र राजा आणि त्याची कमान एकत्र आहेत. पुढे फेब्रुवारी १९४८ मध्ये इंग्रजी फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून जहाजाकडे गेली. तेव्हा हे तिकीट जवळजवळ तेरा वर्षांचे झाले होते.

स्वातंत्र्यानंतर लगेच तिरंगा, अशोकस्तंभ आणि विमान यांची तिकिटे आली, १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटे स्वित्झर्लंडहून छापून आली. पण रोजच्या टपालाला लागणारी साधी तिकिटे अजून सहाव्या जॉर्जचीच होती. ती बदलायला १५ ऑगस्ट १९४९ उजाडावा लागला. त्या दिवशी आलेल्या सोळा तिकिटांना संग्राहक ‘पुरातत्त्व माला’ म्हणतात. माझ्या मते भारतीय तिकिटांच्या इतिहासात याहून विचारपूर्वक निवडलेली माला दुसरी नाही.

तीन पैंवर अजिंठ्याचा हत्ती, सहा पैंवर कोणार्कचा घोडा, नऊ पैंवर घारापुरीची त्रिमूर्ती, एक आण्यावर बोधिसत्त्व, दोन आण्यांवर नटराज. त्यानंतर इमारती सुरू होतात: तीन आण्यांवर सांचीचे पूर्वतोरण, साडेतीनवर बोधगया, चारवर भुवनेश्वर, सहावर विजापूरचा गोलघुमट, आठवर खजुराहोचे कंदारिया महादेव मंदिर, बारावर सुवर्णमंदिर. एक रुपयावर चितोडचा विजयस्तंभ, दोनवर लाल किल्ला, पाचवर ताजमहाल, दहावर कुतुबमिनार आणि पंधरा रुपयांवर पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर. राजाचा चेहरा कुठेही नाही. बौद्ध, हिंदू, जैन, शीख, मुसलमान, सगळ्यांची स्थाने आहेत. देशाच्या फाळणीला नुकती दोन वर्षे झाली होती, हे लक्षात ठेवून ही यादी पुन्हा वाचावी. त्या काळात कुतुबमिनार आणि सुवर्णमंदिर एकाच मालेत ठेवणे हा निर्णय होता, योगायोग नव्हे.

एका आण्याचे बारा पै आणि रुपयाचे सोळा आणे. त्या हिशोबाने पंधरा रुपयांचा शत्रुंजय तीन पैंच्या अजिंठ्याच्या ९६० पट महाग होता. सोळाही तिकिटे टपालाच्या खिडकीवर घेतली तर ३५ रुपये ९ आणे पडत, आणि त्यातले ३३ रुपये शेवटच्या पाच तिकिटांचेच. १९४९ साली ही रक्कम शाळकरी पोराच्या आवाक्यातली नव्हती. म्हणूनच जुन्या घरगुती अल्बमांत ही माला बहुधा बारा आण्यांपाशी थांबते. रुपयांच्या किमतीची तिकिटे दोन रंगांत, लिथो पद्धतीने छापली आहेत आणि आण्यांची तिकिटे एका रंगात, उठावाच्या ठशांनी. साध्या पत्राला पंधरा रुपयांचे तिकीट लागत नसे. जड पार्सल किंवा विम्याचा मोठा लखोटा असला तरच ते चिकटायचे. त्यामुळे लखोट्यासकट टिकलेले शत्रुंजयचे तिकीट मिळाले तर पाण्यात घालून सुटे करण्याचा मोह आवरावा.

आता अजिंठ्याची दोन तिकिटे जोडीने पाहा. १९३१ मध्ये अजिंठा निजामाच्या आठ आण्यांवर होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला आणि अकरा महिन्यांच्या आत अजिंठा भारताच्या सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत जास्त हातांतून जाणाऱ्या तिकिटावर आला. हैदराबादची स्वतंत्र तिकिटे १९५० मध्ये बंद झाली. मधल्या काळात मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाने दोन्ही राज्यांचा अजिंठा पत्राला लावलेला असू शकतो. ताजमहाल आणि सुवर्णमंदिर यांच्याही अशाच जोड्या लागतात. १९३५ चा ताज अडीच आण्यांचा आणि राजासोबत, १९४९ चा पाच रुपयांचा आणि एकटा. सुवर्णमंदिर साडेतीन आण्यांवरून बारा आण्यांवर गेले. संग्रह सुरू करणाऱ्याने याच तीन जोड्यांपासून सुरुवात करावी, असे मी आवर्जून सांगतो. त्यातला पाच रुपयांचा ताज जरा जपून घ्यावा लागेल, बाकी तिकिटे अजून सहज मिळतात.

गोलघुमटाच्या सहा आण्यांच्या तिकिटाला मुंबईचा एक धागा आहे. १९४९ मध्ये विजापूर जिल्हा मुंबई प्रांतातच होता, तो १९५६ च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेला. महंमद आदिलशाहाची ही कबर १६५६ च्या सुमारास पुरी झाली. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि तिचा शिल्पकार म्हणून दाभोळच्या याकूतचे नाव सांगतात, म्हणजे आपल्या कोकणातला माणूस. पुढे जॉन बेग यांनी मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसची इमारत आखली तेव्हा घुमटासाठी नमुना घेतला तो याच गोलघुमटाचा. १९१३ मध्ये ती इमारत पुरी झाली. १९४९ साली बोरीबंदरच्या त्या दालनात उभे राहून सहा आण्यांचे तिकीट घेणाऱ्याच्या डोक्यावर विजापूरच्या घुमटाचा वंशज होता आणि हातात मूळ घुमट.

याच मालेत एक प्रसिद्ध चूक झाली. एक आण्याच्या तिकिटावरचा बोधिसत्त्व उलटा छापला गेला. डोके खाली पाय वर असा नव्हे, तर आरशात दिसावा तसा. मूर्तीचा जो हात पसरलेला हवा त्याच्याऐवजी दुसरा पसरलेला दिसतो. बुद्धमूर्तींमध्ये प्रत्येक हाताच्या मुद्रेला अर्थ असतो, म्हणून ही चूक साधी नव्हती. १५ जुलै १९५० रोजी सुधारलेले तिकीट आले, त्याच किमतीचे आणि जवळपास त्याच निळसर हिरव्या रंगाचे. दोन्ही तिकिटे शेजारी ठेवली तर एकाचा पसरलेला हात आपल्या डावीकडे जातो, दुसऱ्याचा उजवीकडे. सुटे एकच तिकीट हातात आले की मात्र भलेभले गोंधळतात, तेव्हा दोन्ही नमुने अल्बमात लावून ठेवणे चांगले. चुकीचे तिकीट वर्षभर देशभर वापरले गेले, त्यामुळे ते दुर्मीळ नाही. ‘एरर’ म्हणून भरमसाट किंमत सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावे.

किमतीचा विषय निघालाच आहे तर चरखारीचे उदाहरण सांगतो. बुंदेलखंडातल्या या छोट्या संस्थानानेही १९३१ मध्ये तलाव, किल्ला, राजवाड्याचा दरवाजा, गोवर्धन मंदिर अशी देखणी माला काढली. पण तिचे ढीगच्या ढीग शिक्का मारून, पत्राला न लावताच, संग्राहकांच्या बाजारात ओतले गेले. आज ती तिकिटे कवडीमोलाने मिळतात. तिकीट जुने आहे, सुंदर आहे, वास्तूचे आहे, तरी त्याने टपालाचे काम केलेले नाही. मला स्वतःला कोऱ्या चकचकीत तिकिटापेक्षा वापरलेले, गावाचे नाव आणि तारीख वाचता येईल असा शिक्का असलेले तिकीट जास्त मोलाचे वाटते. औरंगाबादच्या शिक्क्याचा निजामी अजिंठा किंवा आग्र्याच्या शिक्क्याचा ताज मिळाला तर आणखी काय हवे.

सांभाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत हयगय चालत नाही. तिकीट चिमट्यानेच उचलावे, बोटांचा घाम कागदाला लागला की डाग काही वर्षांनी उमटतो. कडेचे दात मोजायला दंतमापक लागतो. दोन सेंटिमीटरमध्ये किती दात बसतात त्यावरून छपाई ओळखता येते. मागच्या डिंकाला जपावे, पण गेलेला डिंक पुन्हा लावून ‘मिंट’ म्हणून विकलेली तिकिटे असतात हेही ध्यानात ठेवावे. अशा तिकिटांच्या दातांच्या टोकांवर डिंक चढलेला दिसतो. पीव्हीसीचे स्वस्त प्लॅस्टिक वापरू नये, ते शाई ओढून घेते. आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात अल्बम आडवे रचून ठेवू नयेत. दमट हवेत डिंक पानाला चिकटतो आणि कागदावर तांबूस ठिपके पडतात, ते नंतर कशानेही जात नाहीत. अल्बम उभे ठेवावेत, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि उघडीप मिळेल तेव्हा पाने वाऱ्यावर धरावीत.

पुरातत्त्व माला साडेपाच वर्षांच्या आत संपली. २६ जानेवारी १९५५ रोजी पंचवार्षिक योजनेची माला आली आणि मंदिरे, घुमट, मिनार यांच्या जागी धरणे, यंत्रमाग आणि कारखाने दिसू लागले. एक आण्यावर दामोदर खोऱ्याचे धरण आले. तीन पैंवर अजिंठ्याच्या हत्तीच्या जागी ट्रॅक्टर आला. हे बदल एका दिवसात गावोगावच्या पोस्टांत पोहोचले नाहीत, जुना साठा संपेपर्यंत दोन्ही माला बरोबरीने विकल्या गेल्या. त्यामुळे १९५५ सालची पत्रे, विशेषतः आडगावच्या पोस्टांचे शिक्के असलेली, जुन्या बाजारात किंवा घरच्या ट्रंकेत मिळाली तर तिकिटे उकलू नका, पाकीट तसेच ठेवा. हत्ती आणि ट्रॅक्टर एकाच पाकिटावर चिकटलेले असण्याची शक्यता त्या वर्षाच्या टपालात सगळ्यांत जास्त आहे.